परसातले तळे आणि चार बोटांचा काठ : करून घेतलेल्या कामाचा अभिप्राय

पुण्यातल्या पाषाणात राहून दगड विकत घ्यावे लागतील असे कोणी म्हटले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते. गेल्या फेब्रुवारीत घरामागच्या परसात तळे करून घेताना मात्र तेच घडले. एक ब्रास (म्हणजे शंभर घनफूट) दगड, त्यांची गाडी आणि ते गल्लीच्या तोंडापासून आत आणायची हमाली एवढ्यापायी बावीस हजार रुपये गेले, आणि आज वर्ष होत आल्यावर असे म्हणता येते की सगळ्या खर्चात हेच पैसे विनातक्रार वसूल झाले. बाकीच्या खर्चाविषयी तक्रार आहे आणि ती पुढे सविस्तर मांडली आहे. ज्या उद्यानरचनाकारांकडून काम करून घेतले त्यांचे नाव देत नाही. त्यांच्याशी झालेला वाद मिटला आहे, आणि ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांना नावापेक्षा काय तपासून घ्यावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

मला काय हवे होते ते आधी सांगते. रंगीत मासे, कारंजे, पाण्याखालचे निळे दिवे यांतले काहीही नको होते. बेडूक, चतुर आणि चतुरांसारखेच पण नाजूक असे टाचण्या नावाचे कीटक यांना घर मिळावे, पक्ष्यांना प्यायला आणि अंघोळीला पाणी मिळावे, आणि भोवती सिमेंटची कड न दिसता आपल्याच मातीतला काळा दगड दिसावा, एवढीच अपेक्षा होती. ही अपेक्षा समजावून सांगायलाच पहिल्या दोन भेटी खर्ची पडल्या. पुणेकराला पाणी साठवायचे म्हटले की हौद आठवतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी शहरात खेळवले तेव्हापासून काळा हौद, बदामी हौद, सदाशिव हौद ही नावे आपल्या तोंडी बसली आहेत. पण हौदाच्या भिंती सरळ उभ्या असतात. त्यात पडलेली खार किंवा सरडा गटांगळ्या खाऊन मरतो. तळ्याचा काठ उतरता असतो, आणि पाणी बोटभर खोलीपासून सुरू होऊन हळूहळू खोल होत जाते. उद्यानरचनाकारांनी पहिल्यांदा काढून आणलेला आराखडा हौदाचाच होता, फक्त त्याला गोल आकार देऊन वर दगड चिकटवले होते.

त्या आराखड्याबरोबरचे अंदाजपत्रक १,६८,००० रुपयांचे होते. त्यात पंप, गाळणयंत्र, अतिनील किरणांचा दिवा, छोटा धबधबा आणि भेट म्हणून सहा कोई मासे होते. मासे फुकट मिळत असताना नको म्हणणारी बाई त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटली असावी. कोई मासे तळ ढवळतात, पाणवनस्पती उपटतात आणि बेडकांची अंडी व पिल्ले खाऊन टाकतात. त्यांच्या विष्ठेने पाणी बिघडते म्हणून गाळणयंत्र लागते, गाळणयंत्रासाठी पंप लागतो आणि पंपासाठी वीजबिल लागते. मासे वगळले की ही सगळी साखळीच गळून पडते. तसे केल्यावर अंदाजपत्रक १,१४,००० रुपयांवर आले, आणि ही वजाबाकी त्यांनी तोंड वाकडे न करता मान्य केली याची नोंद करायला हवी.

ठरलेले माप असे होते : लांबी १२ फूट, रुंदी ८ फूट, मध्यभागी खोली २ फूट, आकार ओबडधोबड लंबगोल. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग साधारण ७५ चौरस फूट, मेट्रिक मापात सुमारे ७ चौरस मीटर, आणि उतार धरून पाणी अंदाजे अडीच हजार लिटर. हा ७ चौरस मीटरचा आकडा मुद्दाम सांगते, कारण पुढच्या भांडणात तोच कामी आला : अशा तळ्याची पातळी एक सेंटिमीटर खाली गेली की ७० लिटर पाणी गेले असे समजावे. तीस वर्षे शाळेत गणित शिकवल्यावर एवढा हिशेब डोक्यात आपोआप होतो.

जागा निवडताना त्यांचा सल्ला चांगला होता. आमच्या परसात पूर्वेला पेरूचे झाड आहे आणि पश्चिमेला कुंपणाची भिंत. तळे झाडाखाली घेतले असते तर पानगळीने ते वर्षभर कुजके राहिले असते, आणि अगदी उघड्यावर घेतले असते तर एप्रिलमध्ये पाणी तापले असते. त्यांनी ते अशा ठिकाणी आखले की सकाळपासून दुपारी दोनपर्यंत ऊन मिळते आणि नंतर भिंतीची सावली येते. खोदाई चार दिवस चालली. वरचा फूटभर काळी माती, खाली मुरूम, आणि सव्वादोन फुटांवर कातळ, तोही असा की पहार खणकन आवाज करून परत येई. त्यामुळे आणखी खोल जाण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि दोन फूट आम्हाला पुरेसेही आहेत. कडेने एक पायरी ठेवली होती, वितभर खोल आणि हातभर रुंद. हिच्यावरच पुढे दगड बसायचे होते.

अस्तराबाबत त्यांच्याकडे दोन पर्याय होते. एक म्हणजे शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, आणि दुसरा एक मिलिमीटर जाडीचा ईपीडीएम रबराचा. शेततळ्याचा कागद बराच स्वस्त असतो आणि मोठ्या, सरळ उताराच्या तळ्याला तो उत्तम आहे, पण तो ताठ असल्यामुळे लहान वळणांत आणि पायऱ्यांवर त्याच्या घड्या उभ्या राहतात आणि दगडाखाली त्या फाटण्याची धास्ती असते. रबर मऊ असते, ते दगडाच्या वजनाने जमिनीच्या आकारात बसते. मी रबर घेतले, २४,००० रुपये मोजले, आणि त्याचा पश्चात्ताप नाही. माप काढण्याची रीत सोपी आहे : लांबीत दुप्पट खोली मिळवायची आणि दोन्ही टोकांना एकेक फूट जादा धरायचे. आमच्या तळ्याला १८ बाय १४ फुटांचा तुकडा लागला. रबराच्या खाली एकदा आणि रबराच्या वर, दगडांच्या खाली, एकदा असा दोनदा जाड नमदा (दाबून केलेले जाड कापड) अंथरायला हवा, हे त्यांनी न सांगता केले. मुरमातली एखादी टोकदार चिप सगळे रबर वाया घालवू शकते, म्हणून मिस्त्रींनी अस्तर टाकण्याआधी अनवाणी पायांनी सगळा खड्डा तुडवून पाहिला.

आता दगड. पहिल्या गाडीत जे दगड आले ते खाणीतले होते : ताजे फोडलेले, राखाडी-निळे, धारदार, आणि तीन-चार दगडांवर तर छिद्रे पाडल्याच्या अर्धगोल खुणा. देखरेखीला असलेल्या तरुणाचे म्हणणे होते, “मॅडम, पाणी लागलं की काळे दिसतील.” ते खरेही होते, पण मला दिसण्यापेक्षा धारेची काळजी होती. शिवाय ताज्या फोडीच्या गुळगुळीत तोंडावर शेवाळ धरायला बराच काळ जातो. मी गाडी परत पाठवली. दुसऱ्या गाडीत मुळशीच्या बाजूला शेत साफ करताना निघालेले धोंडे आले. पाऊसपाण्याने कडा झिजलेल्या, वरून गंजासारखा तांबूस रंग, आणि काहींवर राखाडी-हिरवट चट्टे, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे दूरचे भाऊबंद. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड. त्यातल्या एकाला फुटलेल्या बाजूला पोकळी होती आणि पोकळीत मिठाच्या खड्यांसारखे पांढरे स्फटिक चमकत होते. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांमध्ये कॅव्हन्साइट नावाचे गडद निळे खनिज सापडते आणि जगभरचे संग्राहक त्याच्या शोधात असतात. आमच्या वाट्याला पांढरेच आले, तरी तो दगड मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा बसवून घेतला.

दगड बसवणारे मिस्त्री साठीच्या पुढचे आणि पिढ्यान्‌पिढ्या पाथरवटाचे काम करणाऱ्या घरातले. या संपूर्ण अभिप्रायात कौतुकाचे जे काही आहे ते प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. प्रत्येक दगड उचलण्याआधी ते तो पहारीने दोनदा उलटा-सुलटा करून पाहत. “ताई, दगडाला पोट असतं आन्‌ पाठ असती. पोटावर निजवला तर हलत न्हाई,” हे त्यांचे वाक्य मी ते गेल्यावर वहीत लिहून ठेवले. सपाट बाजू खाली, झिजलेली बाजू वर, आणि मोठा दगड निदान एक तृतीयांश पाण्याखाली जाईल अशा बेताने ते तो पायरीवर निजवत. त्यामुळे दगड काठावर आणून ठेवल्यासारखे दिसत नाहीत, जमिनीतून वर आल्यासारखे दिसतात. दोन धोंड्यांमधली फट ते आधी लहान दगडाने, मग चिपांनी आणि शेवटी गोट्यांनी भरत. सिमेंटचा एक कणही नाही. या फटी आज तळ्यातली सगळ्यांत गजबजलेली वस्ती आहे.

पूर्व काठावर त्यांनी स्वतःहून एक गोष्ट केली, जी आराखड्यात नव्हती. एक पसरट, पाटासारखा दगड त्यांनी किंचित कलता बसवला, असा की त्याची एक कड कोरडी राहते आणि दुसरी अर्धा इंच पाण्यात जाते. मी कारण विचारले तर म्हणाले, “पाखराला पाय टेकायला नको का?” आज रोज सकाळी सात वाजता लालबुड्या बुलबुलांची जोडी नेमकी त्या दगडावर येते. एक जण कोरड्या कडेवर बसून पहारा करतो, दुसरा पोटापर्यंत पाण्यात उतरून पंख आपटतो, मग पाळी बदलते. दुपारी त्याच दगडाच्या ओल्या पट्ट्यावर सातेरी मधमाश्या ओळीने बसून पाणी शोषतात. खोल पाण्यात त्या बुडतात, ओल्या दगडावर नाही. एका दगडाच्या कलाने केवढा फरक पडतो, हे कोणत्याही माहितीपत्रकात मला वाचायला मिळाले नव्हते.

उत्तरेच्या काठावर दोन पायऱ्यांसारखे दगड होते, तिथे मात्र देखरेखीच्या तरुणाने माणसांच्या पायाखाली दगड हलू नयेत म्हणून मिस्त्रींना न विचारता सिमेंट लावून घेतले. तळे पहिल्यांदा भरल्यावर दोन दिवसांत पाण्यावर पांढुरकी साय आली. मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेली पट्टी बुडवली तर सामू (पीएच) नऊच्या वर, म्हणजे पाणी फारच अल्कधर्मी. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरला होता. दोनदा पाणी बदलावे लागले, म्हणजे पाच हजार लिटर पाणी बागेला गेले. झाडांची चंगळ झाली एवढेच समाधान.

खरे दुखणे त्यानंतर सुरू झाले. १६ मार्चला तळे तिसऱ्यांदा भरले. त्याच दिवशी मिस्त्री दुसऱ्या कामावर गेले होते आणि हिरवळ लावायला वेगळी माणसे आली. त्यांनी दगडांच्या मागची माती भरून, हिरवळीचे तुकडे दगडांना भिडवून, सगळे इतके नीटनेटके केले की आम्ही त्यांना चहाबरोबर बाकरवडी दिली. चौथ्या दिवशी पाहते तो पाणी जवळजवळ चार बोटे खाली. दूरध्वनी केला. उत्तर मिळाले, “मॅडम, उन्हाळा आहे, बाष्पीभवन होणारच.” बाष्पीभवन होतेच, पण किती? पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी रोज सात-आठ मिलिमीटर खाली जाते. आमच्या तळ्याच्या मापाने ते ५० ते ५५ लिटर झाले, म्हणजे तीन-चार बादल्या. आमचे पाणी त्याच्या कितीतरी पट जात होते.

तोंडी वाद घालण्यापेक्षा मी बादली आणली. ज्यांना तळ्याबाबत अशी शंका येईल त्यांनी हा प्रयोग जरूर करावा. बादली काठोकाठच्या जरा खाली भरायची आणि तळ्यातल्याच एखाद्या पायरीवर अर्धी बुडवून ठेवायची, म्हणजे दोन्हीकडचे पाणी सारखेच तापते. बादलीला आतून खूण करायची, तळ्यातल्या एका दगडावर खडूने खूण करायची, आणि तीन दिवस काही करायचे नाही. माझ्या बादलीतले पाणी तीन दिवसांत २२ मिलिमीटर खाली गेले. तळ्यातले ११० मिलिमीटर. उन्हाचा वाटा वजा केला तर ८८ मिलिमीटर उरतात, म्हणजे तीन दिवसांत ६०० लिटरच्या आसपास पाणी उन्हाशिवाय दुसऱ्या कोणीतरी प्यायले होते. बादली आणि तळे यांची शेजारी-शेजारी छायाचित्रे पाठवल्यावर बाष्पीभवन हा शब्द त्यांच्याकडून पुन्हा ऐकू आला नाही.

मग त्यांनी सुचवले की अस्तराला भोक पडले असावे, दगड काढून, तळे रिकामे करून तपासावे लागेल, आणि त्याची मजुरी वेगळी पडेल. इथे मी हट्टाने नाही म्हटले. भोकातून गळणारे पाणी भोकाच्या पातळीपर्यंत जाऊनच थांबते. तेव्हा पाणी कुठे थांबते ते आधी पाहू, असे ठरले. दोन दिवसांनी पाणी थांबले. थांबलेली रेषा सगळीकडे वरच्या दगडांच्या बुडाशीच होती, म्हणजे भोक असलेच तर ते काठाजवळ. आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी खरे तर पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती : सगळ्या परसातली हिरवळ उन्हाने पिवळी पडत असताना पश्चिम काठालगतचा तीन-चार फुटांचा पट्टा श्रावणातल्यासारखा हिरवागार होता.

मिस्त्रींना खास बोलावून घेतले. त्यांनी त्या पट्ट्यातली हिरवळ गालिच्यासारखी गुंडाळली, दगडामागची माती हाताने उकरली, आणि अस्तराची कड शोधून काढली. ती दगडामागे उभी असायला हवी होती. हिरवळवाल्यांना रबराची काळी कड दिसायला नको होती, म्हणून त्यांनी ती कात्रीने कापून, दुमडून मातीखाली दाबली होती. ओली माती एका बाजूने पाण्याला आणि दुसऱ्या बाजूने बागेला टेकली होती. समईतल्या वातीने तेल वर चढावे तसे पाणी त्या काळ्या मातीतून अस्तराची कड ओलांडून रात्रंदिवस बागेत जात होते. भोक कुठेच नव्हते. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “येवढं करून शेवटच्या चार बोटांत घालवलं.”

दुरुस्तीला दीड दिवस लागला. नशिबाने कड कापताना तीन-चार इंच रबर शिल्लक ठेवले होते. ते उपसून उभे केले, त्याच्या मागे चिपांचा आधार दिला, आणि दगड व हिरवळ यांच्यामध्ये वीतभर रुंदीची गोट्यांची पट्टी सोडली, म्हणजे माती आणि पाणी यांची पुन्हा गाठ पडणार नाही. ती पट्टी दिसायलाही वाईट नाही. ओढ्याच्या काठाला असते तशी वाटते. सगळीकडची कड एका पातळीत आहे की नाही हे मिस्त्रींनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासले, आणि आग्नेय कोपऱ्यात मात्र मुद्दाम एक इंच खाली ठेवली. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की पाणी त्या खाचेतून बाहेर पडते आणि शेजारच्या अळूच्या वाफ्यात मुरते. आमच्याकडे यंदा वडीच्या पानांची ददात पडली नाही, ती या खाचेची कृपा. जादा पाणी कुठून जाणार याचा मूळ आराखड्यात विचारच नव्हता, हेही इथे नमूद करते.

दुरुस्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण वाया गेलेल्या पाण्याविषयी, सिमेंटविषयी किंवा दोन आठवड्यांच्या मनस्तापाविषयी अवाक्षर काढले नाही. शेवटच्या हप्त्यातले दहा हजार रुपये मी पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवले होते; ते मागताना मात्र दूरध्वनी वेळच्या वेळी येत असत.

झाडांबद्दल थोडक्यात. त्यांनी आणलेल्या यादीत जलपर्णी होती, ‘फुले छान येतात’ म्हणून. जलपर्णीने भरून जाणाऱ्या पाषाण तलावाच्या काठावर राहणाऱ्या माणसाला तीच देऊ करणे म्हणजे कमालच होती. मी ती रोपवाटिकेतल्या टोपल्यांसकट परत केली. कुमुदिनीचे दोन कंद, काठाला वेखंड आणि ब्राह्मी, पाण्याखाली हायड्रिला एवढेच ठेवले. ब्राह्मी तीन महिन्यांत दगडांवरून पसरत पाण्यात उतरली आणि तिने रबराचा दिसणारा सगळा भाग झाकून टाकला. हायड्रिला फार माजते, दर महिन्याला एक घमेलेभर काढावी लागते, आणि काढलेली रात्रभर काठावरच ठेवावी लागते, म्हणजे तिच्यातले जीव परत पाण्यात जातात. एप्रिलमध्ये पाणी महिनाभर मटारच्या सुपासारखे हिरवे होते. त्यावर औषध म्हणून एक बाटली सुचवली गेली होती, साडेआठशे रुपयांची. मी ती घेतली नाही. कुमुदिनीच्या पानांनी निम्मे पाणी झाकल्यावर हिरवेपणा आपोआप ओसरला.

आता ज्या प्रश्नाने शेजारच्या वहिनी पहिल्या दिवसापासून अस्वस्थ होत्या तो डासांचा प्रश्न. पुण्यात पावसाळा म्हणजे डेंग्यूची धास्ती, तेव्हा त्यांची भीती रास्त होती. डेंग्यूचा डास साठलेल्या थोड्याशा पाण्यात, म्हणजे कुंड्यांच्या ताटल्या, टायर, फ्रीजमागचा ट्रे अशा ठिकाणी अंडी घालणे पसंत करतो, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. तळ्यातही डासांच्या अळ्या होतात, पण तिथे त्यांना खाणारेही असतात. मे महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या वाडग्यात तळ्यातले पाणी घेऊन पाहिले, तेव्हा त्यात पाच-सहा वळवळत्या अळ्या होत्या. जूनअखेरीस त्याच वाडग्यात अळी एकही नव्हती, आणि चतुराची दोन पिल्ले होती : मातकट रंगाची, सहा पायांची, तोंडाखाली घडी घालून ठेवलेला जबडा विजेसारखा पुढे फेकून भक्ष्य पकडणारी. ऑगस्टमध्ये महापालिकेचे कर्मचारी घरोघर तपासणी करत आले. त्यांनी तळ्यात चारपाच ठिकाणी पळी बुडवून पाहिली, काही सापडले नाही. अळ्या सापडल्या त्या दिवाणखान्यातल्या मनीप्लँटच्या बाटलीत. ती बाटली माझीच, आणि ऐकून घ्यावे लागले ते योग्यच होते.

पाहुण्यांची यादी करायचा मोह आवरते, पण दोघांचा उल्लेख हवा. वळवाच्या पहिल्या सरीनंतर दोन रात्रींत भेक आले, आणि सकाळी वेखंडाच्या देठांभोवती काळ्या मण्यांच्या सरींसारखी त्यांची अंडी गुंडाळलेली होती. बेडूक आणून सोडायचे नसतात. पाणी असले की ते येतात, हे मी वाचले होते, पण भर वस्तीत, चार बाजूंना भिंती असताना ते कुठून आले याचा अंदाज मला अजून लागलेला नाही. जुलैत पाण्यावर झुकलेल्या एका दगडाच्या पोटाला, मिस्त्रींच्या भाषेत बोलायचे तर, साबणाच्या फेसासारखा मुठीएवढा गोळा चिकटलेला दिसला. मी तो पुसून टाकणारच होते. तो झाडावरच्या बेडकाचा फेसाचा खोपा होता. चार दिवसांनी तो खालून सैल झाला आणि त्यातून तांदळाच्या दाण्यांएवढी पिल्ले एकेक करून खाली पाण्यात पडू लागली. दगड पाण्यावर झुकलेला नसता तर ती गोट्यांवर पडून वाळली असती.

ऑगस्टमध्ये एक दिवड आली. बिनविषारी पाणसाप, बेडकांच्या मागावर येणारच. वहिनींनी सर्पमित्राला बोलावले, त्याने ती ओळखून सांगितली आणि दूर सोडून आला. घरात लहान मूल असेल तर मात्र सापापेक्षा पाण्याची काळजी अधिक करावी. आमची नातवंडे सुट्टीत येतात, म्हणून पाण्याच्या पातळीखाली दोन इंचांवर लोखंडी जाळी टाकून घेतली. तिचे साडेसहा हजार वेगळे पडले आणि ती अंदाजपत्रकात आधीपासून असायला हवी होती.

तर निवाडा असा. जागेची निवड, खोदाई, अस्तराचा दर्जा यांना पाचपैकी चार गुण. दगडकामाला पूर्ण पाच. शेवटची आवराआवर, देखरेख आणि तक्रारीला दिलेले उत्तर यांना दोन, तेही दुरुस्ती विनामूल्य केली म्हणून. असे काम कोणाकडूनही करून घेणार असाल तर चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : दगड शेतातले झिजलेले असतील, पाण्याला लागणाऱ्या भागात सिमेंट येणार नाही, तळे भरून आठवडा होईपर्यंत अस्तराची कड कोणीही कापणार नाही, आणि दगड बसवणारे मिस्त्रीच हिरवळ लावून होईपर्यंत कामावर असतील. यांतली शेवटची अट मान्य करताना काम घेणारे कुरकुर करतील, कारण मिस्त्रींची रोजंदारी हिरवळवाल्यांपेक्षा जास्त असते. ती वाढीव रोजंदारी आनंदाने द्या.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या त्या मिस्त्रींचा नंबर द्याल का? आमच्याकडे जागा कमी आहे, सहा बाय चार फूटच होईल.” मी नंबर दिला, आणि माझी बादलीही देऊन ठेवली आहे.